हुशार मुलांच्या शाळेत घालताय? आधी त्या चाचणीचं बघा

मूल चौथीत गेलं की पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंत सगळ्या सोसायट्यांत एकच प्रश्न फिरायला लागतो : "प्रबोधिनीला बसवणार का?" माझी दोन मुलं आणि नणंदेचा मुलगा, असे तिघं या चक्रातून गेलेत. त्या काळात मिळालेल्या सल्ल्यांपैकी निम्मे तरी कचऱ्यात टाकायच्या लायकीचे होते.

शाळांची माहिती काढणं सोपं आहे. आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ साली हुशार मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी ही संस्था सुरू केली, १९६९ साली सदाशिव पेठेत तिची प्रशाला, म्हणजे शाळा, निघाली आणि तिथला प्रवेश पाचवीपासून, चाचणी घेऊन होतो. केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालयाची वाट वेगळी. ती सहावीपासून, निवासी आहे आणि तिथल्या बहुतेक जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. फॉर्म, फोटो, दाखले तुम्ही भरालच.

एकदा मुलाला घेऊन शाळेच्या वेळेला तिथपर्यंत जाऊन या. रविवारी नको, मंगळवारी जा. वाकडहून सदाशिव पेठ नकाशावर दिसते तेवढी जवळ नाही, हे दहा वर्षांचं मूल खिडकीला डोकं टेकवून झोपलं की कळतं.

आता चाचणी. इथे मी सपशेल चुकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थोरलीला मी तयारीच्या क्लासला घातलं. शनिवार-रविवार, दोन-दोन तास. दुसऱ्याच आठवड्यात वहीत एक गणित दिसलं : २, ४, ८, पुढे काय? तिने १४ लिहिलं होतं. सरांनी त्यावर लाल फुली मारून शेजारी १६ लिहिलं होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "आई, आधी दोनने वाढलं, मग चारने, म्हणून आता सहाने." उत्तर अगदी बरोबर होतं. दुप्पट करत गेलं तर १६ येतात, वाढता फरक धरला तर १४. मी त्याच वेळी क्लास बंद करायला हवा होता. पण पैसे भरले होते ना! तीन महिन्यांनी ती असली मालिका दिसली की न बघता १६ लिहायला लागली. नेमकं जे शोधायला चाचणी घेतात, ते मी पैसे देऊन घालवलं.

या चाचण्यांचा मूळ हेतूही बघा. १९०५ साली फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी पहिली बुद्धिमत्ता चाचणी तयार केली ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी, हुशार मुलं निवडायला नव्हे. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ डॉ. कामतांनी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. सराव करून गेलेल्या मुलाच्या बुद्ध्यांकात तो सरावही मिसळलेला असतो. सरासरी १०० धरली, तर १३० च्या वर साधारण दोन टक्केच मुलं असतात. क्लासने फुगवलेले चार-पाच गुण घेऊन मूल त्या वर्गात बसलं, तर पुढची पाच-सहा वर्षं त्याने काय करायचं?

दुसरी चूक जास्त महागात पडली. आम्ही तिला सांगितलं होतं, "ही हुशार मुलांची परीक्षा आहे." नाव लागलं नाही. त्या रात्री वरणभात चिवडत तिने विचारलं, "म्हणजे मी आता हुशार नाही?" त्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी आधीच सांगून बसले होते, त्यामुळे आत्या, मामी, काकू सगळ्यांचे फोन.

धाकट्याच्या वेळी एवढंच सांगितलं, "कोडी सोडवायला जायचंय. येतील तेवढी सोडव, नाही आलं तर पुढे जा." उत्तरपत्रिकेत खुणा कशा करायच्या हे कळावं म्हणून एकच नमुना सोडवून घेतला. आदल्या रात्री नऊला झोपवला. ग्रुपवर अवाक्षर नाही. बाहेर आला तो एका कोड्यातलं चित्र उलटं छापलंय, हे तावातावाने सांगत. तुम्हीही एवढंच करा, याहून जास्त काहीही नको. कुणी "शंभर टक्के निवड" म्हणालं तर नमस्कार करून निघा.

नाव लागलं तर लगेच फी भरायला धावू नका. आधी आत्ताच्या बाईंना भेटा आणि एकच विचारा : काम लवकर संपलं की हा वर्गात काय करतो? शेजारच्याला समजावत असेल, पुस्तक काढून वाचत असेल, तर घाई नाही. रोज खिडकीबाहेर बघत बसत असेल, तर नव्या शाळेचा विचार नक्की करा. नव्या शाळेत मात्र निकालाच्या टक्क्यांपेक्षा एखाद्या विषयात कच्च्या मुलाचं काय करतात, ते विचारा. माझ्या धाकट्याचं शुद्धलेखन भयानक होतं. त्याबद्दल तिथे काय करणार, हे ऐकून मग मी सही केली.

नणंदेच्या मुलाचंही नाव लागलं होतं. शाळा बघून आला आणि म्हणाला, "छान आहे, पण मला नाही जायचं." त्याची क्रिकेटची टीम सोसायटीतच होती. नणंदेने ऐकलं त्याचं. आमच्या सासूबाई अजून धुसफुसतात.