स्किबरीनच्या एका गल्लीचा माग कसा काढावा

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातलं हे गाव. अख्खं गाव धरू नका, एकच गल्ली घ्या. मी १९११च्या जनगणनेपासून मागे जाते; कुटुंबप्रमुखाने भरलेले तक्ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. धंदा, धर्म वाचाच, पण किती मुलं जन्मली आणि किती जगली, हा रकाना कधीच सोडू नका. गल्लीची खरी हकिकत तिथे आहे.

१९०१च्या मागे वाट तुटते. १८६१ ते १८९१च्या जनगणनेचे तक्ते सरकारनेच नष्ट केले, आणि त्याआधीची बहुतेक दप्तरं १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्यात जळाली. मग ग्रिफिथची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झालेली घरं-जमिनींची मूल्यांकन यादी उघडा: कूळ कोण, मालक कोण. १८४५ नंतरच्या आयर्लंडच्या महादुष्काळात मेलेले हजारो गावाजवळच्या ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत निनावी आहेत, त्यांच्यासाठी १९३७च्या सुमारास शाळकरी मुलांनी टिपलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी वाचा.