ओपनएसएसएलच्या ‘एस_टाइम’ने टीएलएस जोडणीचा वेग कसा मोजावा

एचटीटीपीएसमुळे, म्हणजे टीएलएस या कूटबद्ध जोडणीमुळे, साइट मंदावली का, हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजून पाहावं. लिनक्सवर ओपनएसएसएल हे टीएलएसचं साधन बहुधा असतंच. त्यातली ‘एस_टाइम’ ही कमांड याच कामाची. इथे नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.

सर्व्हर स्वतःचा हवा, नाहीतर मालकाची परवानगी हवी. ही कमांड एकामागून एक जोडण्या करत सुटते, आणि समोरच्याला तो हल्ला वाटू शकतो.

‘ओपनएसएसएल एस_टाइम’ लिहा, पुढे ‘-कनेक्ट’, मग सर्व्हरचं नाव, कोलन आणि ४४३ (एचटीटीपीएसचा पोर्ट). चाचणी ३० सेकंद चालते. कमी हवी तर ‘-टाइम १०’ जोडा. एवढंच दिलं तर दोन फेऱ्या होतात: आधी दर वेळी नवा हँडशेक (जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू किल्ल्या ठरवतात तो संवाद), मग जुनंच सेशन, म्हणजे आधी ठरलेलं गुपित, पुन्हा वापरून. एकच फेरी हवी असेल तर ‘-न्यू’ किंवा ‘-रीयूज’.

दुसऱ्या फेरीत पडद्यावर ‘आर’ अक्षरांची रांग दिसायला हवी. तारकाच येत राहिल्या तर सेशन पुन्हा वापरलं जात नाहीये. मात्र टीएलएस १.३ मध्ये सेशनचं तिकीट (ते पुन्हा वापरायला लागणारी खूण) हँडशेकनंतर येतं, त्यामुळे सर्व्हरला दोष देण्याआधी ‘-टीएलएस१_२’ देऊन पाहा.

आकडे वाचताना बरेच जण फसतात. पहिल्या ओळीतला ‘युजर सेकंद’वाला भलामोठा आकडा तुमच्याच मशीनच्या सीपीयूने घेतलेल्या वेळावर काढलेला असतो, सर्व्हरची ताकद म्हणून तो सांगत फिरू नका. ‘रिअल सेकंद’ असलेली ओळ पाहा. तीही अंतरावर अवलंबून असते. समजा, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, ४० मिलिसेकंद आहे. टीसीपीची (खालच्या मूळ नेटवर्क जोडणीची) एक जा-ये फेरी आणि टीएलएस १.२ च्या दोन, म्हणजे एका जोडणीला किमान १२० मिलिसेकंद. ३० सेकंदांत फार तर २५०. सेशन पुन्हा वापरलं की टीएलएसची एक फेरी वाचते आणि आकडा ३७५ पर्यंत जाऊ शकतो. सर्व्हर कितीही दणकट असला तरी याच्या वर जाणार नाही. म्हणून चाचणी त्याच नेटवर्कमधल्या मशीनवरून केलेली बरी.

फक्त हँडशेक नको, पानही उतरवायचं असेल तर ‘-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आणि पानाचा पत्ता द्या, निदान एक तिरकी रेघ (/). विनंती जुन्या एचटीटीपी १.० ची आणि होस्ट हेडरशिवाय, म्हणजे कोणती साइट हवी ते न सांगता, जाते. एकाच सर्व्हरवर अनेक साइट असतील तर भलतंच पान येऊ शकतं. शेवटी छापलेली बाइटची संख्या आपल्या पानाशी ताडून पाहा.