शेततळ्यात पाणी किती मावेल? खोदाईआधीच हिशोब काढा

रोहिणी नक्षत्र लागलं की पोकलेनला मागणी वाढते आणि मिळेल त्या दिवशी घाईत शेततळं खोदून घेतलं जातं. पाणी किती मावेल असं विचारलं, तर बहुतेक जण लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार सांगतात. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल, म्हणजे २,७०० घनमीटर. हा आकडा सरळ भिंतींच्या हौदाचा आहे. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे तळ काठापेक्षा लहान होतो.

बरोबर हिशोब असा: काठाचं क्षेत्रफळ, निम्म्या खोलीवरच्या क्षेत्रफळाची चौपट आणि तळाचं क्षेत्रफळ यांची बेरीज करा, ६ ने भागा, खोलीने गुणा. बाजूंचा उतार १:१ असेल तर ३ मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते. मध्यावर २७ बाय २७ आणि तळाशी २४ बाय २४ मीटर उरतं. ९०० + २,९१६ + ५७६ = ४,३९२; भागिले ६, गुणिले ३, म्हणजे २,१९६ घनमीटर.

काळ्या जमिनीत १:१ उतार टिकत नाही, कड ढासळते. तिथे एक मीटर खोलीला दीड मीटर आत, असाच उतार ठेवा. मग तळ २१ बाय २१ चा होतो आणि साठा १,९७१ घनमीटरवर येतो. तेवढा साठा वाचवायला बाजू उभ्या ठेवू नका. ढासळलेली माती शेवटी तळातच बसते.

खोदाईचा दर ब्रासवर ठरला असेल तर हाच हिशोब खिशालाही लागतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. २,१९६ घनमीटरचे ७७६ ब्रास होतात, २,७०० चे साडेनऊशेच्या वर. जवळपास पावणेदोनशे ब्रासचे पैसे न खोदलेल्या मातीचे जातील. माप खड्ड्याचंच घ्या, ढिगाचं नको, कारण उकरलेली माती फुगते. टेप उतारावरून न धरता काठापासून काठापर्यंत आडवा ताणा.

काठोकाठ पाणी कधीच धरू नका. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, काठापेक्षा अर्धा मीटर खाली ठेवला तर १:१ उताराच्या तळ्यात पाण्याची खोली अडीच मीटर राहते आणि साठा १,७६० घनमीटर, म्हणजे १७ लाख ६० हजार लिटर. नियोजनाला हाच आकडा घ्या. तळं जुनं असेल तर खुणा केलेल्या बांबूने चार-पाच ठिकाणी गाळ मोजा. ३० सेंटिमीटर गाळ १७७ घनमीटर जागा खातो, म्हणजे साठ्याचा दहावा हिस्सा. मृगाआधी तो काढून शेतात पसरा. तळाला प्लास्टिकचा कागद असेल तर मात्र यंत्र आत उतरवू नका.

आता तेवढं पाणी येणार कुठून? १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. हंगामात ५०० मिमी पाऊस झाला आणि त्यातला १० टक्के वाहून आला असं धरलं, तर हेक्टरी ५०० घनमीटर मिळतं. १,७६० घनमीटर भरायला साडेतीन हेक्टर, म्हणजे पावणेनऊ एकरांचं पाणी तळ्याकडे वळायला हवं. तेवढा पाणलोट नसेल तर तळं लहान खोदा. अर्धं रिकामं मोठं तळं पाहून फार वाईट वाटतं, कारण त्यात अडकलेली जमीन आणि पैसा दोन्ही परत मिळत नाहीत.

सांडव्यावर मात्र काटकसर नको. जमीन आधीच भिजलेली असताना त्याच साडेतीन हेक्टरवर दिवसात १०० मिमी पाऊस पडला आणि निम्मा वाहून आला, तरी १,७५० घनमीटर पाणी येतं. तळं रिकामं असेल तर ते एका दिवसात भरेल. आधीच भरलेलं असेल, तर हे सगळं पाणी सांडव्यातूनच जायला हवं. नाहीतर ते बांध फोडून खालच्या शेतात शिरेल. सांडव्याला दगडी पिचिंग करा, म्हणजे दगड रचून बसवा, आणि पाणी आत येतं तिथे गाळ बसायला छोटा खड्डा घ्या.

पाऊस संपला की पाणी पुन्हा मोजा आणि मगच रब्बीचं क्षेत्र ठरवा. एका एकराला ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी (एक वेळचं सिंचन) म्हणजे सुमारे २ लाख लिटर. उन्हाळ्यासाठी पाणी राखणार असाल तर बाष्पीभवन वजा करा: भरलेल्या तळ्यातून दिवसाला ८ मिमी पाणी उडालं, तर रोजचे पावणेसात हजार लिटर जातात.