दही आणि फळं: ही वाटी नीट कशी जमवायची

दह्यात जे नसतं ते फळांत असतं, म्हणून ही जोडी जमते. वाटीभर, म्हणजे साधारण १५० ग्रॅम साध्या दह्यातून पाचेक ग्रॅम प्रथिनं, १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि थोडं ब-१२ मिळतं. पण चोथा शून्य आणि क जीवनसत्त्व नावापुरतं. फळांचं नेमकं उलट असतं. शिवाय दह्यातल्या प्रथिनांमुळे आणि फळातल्या चोथ्यामुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं, नुसतं फळ खाल्ल्यावर लागते तशी लगेच भूक लागत नाही.

आधी दही निवडा

साधं, बिनसाखरेचं, जिवंत जिवाणू असलेलं दही घ्या. घरी विरजलेलं असेल तर प्रश्नच नाही. विकतचं असेल तर डब्यावर जिवंत कल्चरचा उल्लेख शोधा. विरजल्यानंतर पुन्हा तापवलेल्या दह्यात हे जिवाणू उरत नाहीत. त्यांचं महत्त्व खास करून दूध न पचणाऱ्यांना कळतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं विकर (एन्झाइम) हे जिवाणू सोबतच आणतात, म्हणून अशा बऱ्याच जणांना दूध नाही पण दही सोसतं.

फळांच्या चवीचं तयार दही मात्र टाळाच, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात फळ थोडं आणि साखर जास्त असं फार वेळा आढळतं. लेबल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: साध्या दह्यातही १०० ग्रॅममागे ४-५ ग्रॅम दुधाची स्वतःची साखर असते, तिला घाबरू नका. वरून घातलेली साखर किती, ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम.

वर आलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात ब-२ जीवनसत्त्व आणि खनिजं असतात. चमच्याने ढवळून परत मिसळा.

मग फळ

केळं, सफरचंद, डाळिंब, पेरू, स्ट्रॉबेरी, आंबा, काहीही चालेल. सफरचंद आणि पेरू सालासकट चिरा. केळ्यातला काही चोथा आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य ठरतो. रस मात्र घालू नका, चोथा गाळून टाकला तर निम्मं काम वाया गेलं.

अननस, किवी आणि पपई यांची गोष्ट वेगळी. या फळांत, न शिजवलेली असताना, प्रथिनं तोडणारी विकरं असतात. अननसाच्या फोडी दह्यात घालून तासभर ठेवल्या की दही पातळ होतं आणि जिभेवर कडवट चव रेंगाळते. दही नासलं असं वाटून लोक ते फेकून देतात, पण खरं तर ते बिघडलेलं नसतं. अशी फळं आयत्या वेळी मिसळून लगेच खा. आधीच कालवून ठेवायचं असेल तर फोडी दोन-चार मिनिटं उकळत्या पाण्यात शिजवून गार करा. उष्णतेने विकरं निकामी होतात, थोडं क जीवनसत्त्व मात्र जातं.

कालवणं

दोन वाट्या दह्याला एक वाटी फळ हे प्रमाण धरा, पुढे आवडीप्रमाणे बदला. गोडवा हवा असेल तर पिकलेलं केळं कुस्करा किंवा एखादा खजूर बारीक चिरून घाला. दही फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवलं तर फळाची गोडी जास्त जाणवते, कारण गारठ्यात जिभेला गोड कमी कळतं. वरून अक्रोड किंवा भाजलेले जवस घाला. दही गरम मात्र करू नका.

कोणी जपून

वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाटीत मध अजिबात नको. लहान मुलांना द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खं द्राक्ष घशात अडकतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळ्यासारख्या पोटॅशियमवाल्या फळांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. थायरॉईडची गोळी आणि टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं दह्यातल्या कॅल्शियममुळे अंगी नीट लागत नाहीत, तेव्हा गोळी आणि वाटी यांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.