भावंडांमधली दादागिरी: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

भावंडं म्हटली की भांडणं आलीच. रिमोटवरून, गाडीतल्या खिडकीवरून, पापडाच्या मोठ्या तुकड्यावरून भांडून अर्ध्या तासात पुन्हा एकत्र खेळणाऱ्या मुलांच्या मध्ये पडू नका. पण दर वेळी तोच मारतो आणि दर वेळी तीच रडते, थोरल्याची चाहूल लागली की धाकटी खेळ आवरून उठते, हे भांडण नव्हे. खुणा तीनच: पुन्हा पुन्हा होतं, मुद्दाम होतं आणि दोघांची ताकद सारखी नसते. ताकद म्हणजे फक्त वय किंवा उंची नव्हे. तिखट जीभ आणि आईबाबांकडचा वशिला हीसुद्धा ताकदच. म्हणून धाकटंही थोरल्याला छळू शकतं.

'मोठेपणी विसरतील' म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या सुमारे ७,००० मुलांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. बाराव्या वर्षी आठवड्यातून अनेकदा भावंडाचा छळ सोसणाऱ्यांपैकी १२.३ टक्के मुलांना अठराव्या वर्षी नैराश्य होतं. असा छळ न झालेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्के होतं. छळामुळेच नैराश्य आलं असं यातून सिद्ध होत नाही, पण हसण्यावारी नेण्याइतकी ही गोष्ट लहानही नाही.

'आम्ही येईपर्यंत दादाचं ऐकायचं'

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आईबाबा दोघंही नोकरीला. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात घराची किल्ली दिली जाते, आणि किल्लीबरोबर धाकट्याचा ताबाही. गृहपाठ करून घे, दूध प्यायला लाव, खाली जाऊ देऊ नकोस. धाकटा ऐकेना तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. मग त्या पोराला जे येतं ते तो करतो: धपाटा, कोंडणं, घाबरवणं.

एका घरातला प्रकार सांगतो. थोरला बारा वर्षांचा, धाकटा सात. चार ते सात घरात दोघंच. कितीतरी महिने कोरडं असलेलं धाकट्याचं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं. शाळेतून आल्यावर तो पाण्याला शिवायचा नाही, पोट दुखतं म्हणायचा. लघवीची तपासणी झाली, जंताचं औषध झालं, आजीनं दृष्ट काढली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. कारण होतं बाथरूमच्या दारात. दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर, आपल्याकडे बहुतेक घरांत असतं तसं. धाकटा आत गेला की थोरला दिवा घालवायचा आणि बाहेरून कडी लावायचा. 'अभ्यासाला बसतो म्हण, मग उघडतो.' त्यामुळे पोरगं तीन-तीन तास लघवी रोखून धरायचं. थोरल्याच्या लेखी तो सांगितलेलं कामच करत होता, कारण गृहपाठ राहिला की संध्याकाळी बोलणी त्यालाच बसायची.

तिथे आधी बाहेरची कडी काढली. बाथरूममध्ये बॅटरीवरचा छोटा दिवा चिकटवला. गृहपाठ आई आल्यावर घ्यायचा ठरलं आणि चार ते सात धाकटा शेजारच्या काकूंकडे बसू लागला. थोरल्याकडे उरली फक्त किल्ली. तरी अंथरूण कोरडं व्हायला महिन्याच्या वर लागला.

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर डॉक्टरकडे जायचंच. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, मधुमेह, काहीही असू शकतं. पण रिपोर्ट स्वच्छ आले की पुढचा प्रश्न हा: घरात ते कोणाबरोबर एकटं असतं?

दोघांना एकटं ठेवण्यावाचून इलाजच नसेल, तर दोघांच्या समोर सांगा: 'दादानं लक्ष ठेवायचं आणि अडलं तर आम्हाला फोन करायचा. मारायचं नाही, कोंडायचं नाही.' लक्ष ठेवणं त्याचं, शिक्षा देणं त्याचं नाही.

'चहाड्या घेऊन येऊ नकोस'

हे वाक्य धाकटी ऐकते तसं थोरलाही ऐकतो. आता वर तक्रार जाणार नाही, हे त्याला पक्कं कळतं. याच्याही पुढचा अतिशहाणपणा म्हणजे दोघांना समोरासमोर उभं करून 'काय रे, मारलंस का?' विचारणं. तो नाही म्हणतो, धाकटी गोंधळते, शब्द फिरवते. मग खोटं बोलल्याबद्दल तिलाच ओरडा, आणि रात्री दिवा गेल्यावर चिमटे वेगळे.

तिच्याशी एकटीशी बोला. केसांना तेल लावताना, शाळेच्या वाटेवर, समोरासमोर बसून नव्हे. 'दादा मारतो का?' असं थेट विचारू नका, उत्तर 'नाही' येतं. 'मी घरी नसते तेव्हा कुठली वेळ नकोशी वाटते?' असं विचारा. आणि थोरल्याशी बोलताना तिचं नाव अजिबात घेऊ नका. एखाद्या दिवशी न सांगता तासभर लवकर घरी या आणि जे डोळ्यांनी दिसलं त्यावरच बोला.

दोन आठवडे कॅलेंडरवर नोंद ठेवा: वार, वेळ, जागा, त्याआधी काय झालं. बहुतेक घरांत त्याच दोन-तीन वेळा पुन्हा पुन्हा येतात. शाळेतून भुकेलेले आल्यावर, मोबाइल काढून घेतल्यावर, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. पाचला पोटात पोहे गेले की निम्मी मारामारी मिटते अशी घरं आहेत. पण नोंद ठेवायचा कंटाळा आणि उपाय मात्र आजच्या आज हवा, अशा पालकांना काय सांगणार?

बाकीच्या चुका, थोडक्यात

'सुरुवात कोणी केली?' कोर्ट भरवू नका. आधी दोघांना लांब करा, घर एका खोलीचं असेल तर एक ओट्यापाशी, एक गॅलरीत. ज्याला लागलंय त्याच्याकडे आधी जा, मारणाऱ्याकडे वीस मिनिटांनी.

दोघांनाही एकेक फटका. हा न्याय नव्हे, आळस आहे.

'सॉरी म्हण, मिठी मार.' मार खाल्लेल्या मुलाला लगेच मिठी मारायला लावणं ही त्यालाच शिक्षा.

'तुला बोहारणीकडून भांड्यावर घेतलंय.' मामा-काका हसतात, चार वर्षांचं मूल खरं मानतं. तोच प्रकार बागुलबुवाचा. जेवण भरवायला तुम्ही बागुलबुवा आणलात, तर ताई तो झोपताना आणणारच.

गुदगुल्या. 'नको' म्हटल्यावर थांबल्या नाहीत तर ती गंमत नाही.

रडतानाचा व्हिडिओ भावंडांच्या ग्रुपवर टाकणं. त्याच दिवशी डिलीट करायला लावा आणि त्या संध्याकाळपुरता फोन तुमच्याकडे ठेवा.

थोरल्याला विसरणं

धाकट्याला वाचवायच्या भरात थोरल्याला गुंड ठरवून मोकळे होतात लोक. त्याला शाळेत, रिक्षात, क्लासमध्ये कोण मारतं? घरात त्याच्यावर पट्टा उगारला जातो का? हे आधी बघा. रोज पंधरा मिनिटं फक्त त्याला द्या, त्यात अभ्यास नाही, धाकट्याचा विषय नाही. शिक्षा लहान आणि त्याच संध्याकाळी. महिनाभर क्रिकेट बंद करून काही होत नाही, चौथ्या दिवशी तुम्हीच विसरता.

पहिल्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा दिसतो. हातची सत्ता जाते, म्हणून थोरला जोर लावून पाहतो. नेमके इथेच 'काही उपयोग नाही' म्हणून लोक सोडून देतात. निदान सहा आठवडे नियम बदलू नका.

गळा दाबणं, चाकू-कात्री उगारणं, वळ उठतील असं मारणं, जनावरांना इजा करणं, किंवा मूल 'मला जगायचंच नाही' म्हणत असेल, तर सहा आठवडे थांबायचं नाही. बालमानसतज्ज्ञाकडे जा. मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, टेली-मानसचा, क्रमांक १४४१६, मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८. लैंगिक स्पर्शाचा प्रकार असेल तर घरातल्या घरात मिटवू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तज्ज्ञाकडे जाताना कॅलेंडरवरची नोंद बरोबर न्या, आणि पहिल्या भेटीत दोघांना एकाच खोलीत बसवू नका असं आधीच सांगून ठेवा.