बाहेरून बसवलेला कार अलार्म वेड्यासारखा वागतोय? नवीन किट घ्यायच्या आधी वायरींचे जोड बघा

रात्री अडीचला गाडी बोंबलायला लागते, जाऊन रिमोट दाबला की गप्प, परत येऊन डोळा लागतोय तोवर पुन्हा सुरू. माझ्या गाडीने हे तीन आठवडे केलं आणि ज्याने अलार्म बसवला होता तो प्रत्येक वेळी एकच सांगायचा, "डबा खराब आहे, नवीन टाका" (डबा म्हणजे अलार्म आणि दरवाज्यांची लॉक चालवणारं मुख्य युनिट). शेवटी मीच डॅशबोर्डखालचं कव्हर काढलं. डबा ठणठणीत होता, पण त्याची अर्थची (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी) काळी वायर बॉडीच्या रंगावरच स्क्रूखाली चेपलेली, खाली पत्रा उघडा केलेलाच नाही, आणि बाकीचे जोड म्हणजे वायरीला वायर पीळ देऊन वर टेप. टेप काढली तर बोटांना काळा चिकट डिंक लागला आणि आतली तांब्याची तार हिरवी पडलेली.

हात घालायच्या आधी एक सांगतो, चावी खिशात ठेवा आणि एक काच खाली ठेवा, कारण बॅटरी काढता-लावताना गाडी स्वतःच लॉक होऊ शकते. आणि पिवळ्या रंगाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, तिथे टेस्टलँप (वायरीत करंट आहे का बघायचा छोटा दिवा) अजिबात लावायचा नाही.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून. रिमोटचा सेल बदलून बघा. मग गाडीची बॅटरी, काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट यायला पाहिजेत, १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मीच भरलेली आहे. लॉक करताना चारही दरवाज्यांच्या लॉकच्या मोटरी एकदम करंट ओढतात, व्होल्टेज क्षणभर खाली जातो, डबा रीसेट होतो आणि आपण शिव्या अलार्मला घालतो.

आता अर्थिंग, आणि माझ्या मते निम्मे आजार इथेच असतात. मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब डब्याच्या काळ्या वायरीवर, आणि दुसऱ्या कुणाला तरी रिमोटचं लॉक चार-पाच वेळा दाबायला सांगा (पल्स अर्ध्या-एक सेकंदाचा असतो, साधा मीटर पहिल्या वेळी पकडत नाही). ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, पण अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थ गेलेलं आहे. पत्रा घासून चकचकीत करा, वायरीच्या टोकाला गोल टर्मिनल क्रिंप करून (पक्कडीने चेपून) बोल्टखाली घट्ट आवळा.

लॉक होऊन लगेच अनलॉक होतंय? बहुतेक ड्रायव्हरच्या दरवाज्यातली मोटर. जुन्या पद्धतीच्या किटमध्ये तिला पाच वायरी असतात, बाकीच्यांना दोनच, कारण हिच्या आत एक स्विच असतो आणि चावीने हा दरवाजा फिरवला की तोच बाकीच्यांना हुकूम देतो. मोटरची कांडी लॉकच्या कांडीला ज्या छोट्या क्लँपने जोडलेली असते तो सरकला की कांडी पूर्ण जात नाही, स्विच अर्धवट अडकतो आणि सगळे दरवाजे टकटकटकटक. दोन्ही कांड्या मधोमध ठेवून क्लँपचा स्क्रू आवळा, आणि ट्रिम लावायच्या आधी हाताने दहा वेळा फिरवून बघा. एखादाच दरवाजा उलटा वागत असेल तर त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा, संपलं.

एखादा दरवाजा कधी चालतो कधी नाही असं असेल तर बिजागरीजवळचा रबरी पाइप बघा. दरवाजा थोडाथोडा उघडत रिमोट दाबत राहा, ठराविक कोनातच बंद पडत असेल तर आत वायर तुटलेली आहे. काही महाभाग वायर त्या रबरातून न नेता सरळ पत्र्याच्या धारेवरून नेतात, मग ती सोलली जाते आणि फ्यूज उडत राहतो. मोठा फ्यूज टाकून गप्प करू नका, वायर जळेल.

विनाकारण बोंबलण्यासाठी शॉक सेन्सरचा (गाडीला धक्का लागला की अलार्म वाजवणारा) प्लग एक रात्र काढून ठेवा. शांत झोप लागली तर गुन्हेगार सापडला. बऱ्याचदा तो वायरींवर लोंबकळत असतो, त्याला घट्ट बसवा आणि छोट्या स्क्रूने सेन्सिटिव्हिटी कमी करा. प्लग काढूनही ओरडत असेल तर बॉनेटखालचा स्विच बघा, पाणी लागून गंजतो.

दोन दिवस उभी ठेवली की बॅटरी उतरते, यासाठी मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून बॅटरीच्या मायनसशी सिरीजमध्ये जोडा (म्हणजे मायनसची केबल काढून केबल आणि बॅटरीच्या मधे), गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत यायला पाहिजे. जास्त असेल तर अलार्मचा फ्यूज काढा आणि आकडा किती पडतो ते बघा. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडत असेल तर हे उद्यावर टाकू नका. इंजिन कटचा रिले (चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून वायर तोडणारा, डब्याच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) स्टार्टरच्या वायरीवरच असायला हवा, पण काही जण तो इग्निशन किंवा फ्युएल पंपाच्या वायरीवर टाकतात आणि तिथला एक सैल जोड तुम्हाला भर रस्त्यात उभं करतो. बॅटरी काढा, रिले सोडवा, कंपनीच्या कापलेल्या वायरीची दोन टोकं सोल्डर करून पुन्हा जोडा आणि वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. उरलेल्या वायरी झिप टायने वर बांधून टाका, लोंबत राहिल्या तर ब्रेकच्या पेडलमध्ये अडकतील.