पावसाळ्याआधी फ्लूची लस कशी घ्यावी

परदेशातली लेकरं फोनवर सांगतात, "आई, थंडी सुरू व्हायच्या आत फ्लूचं इंजेक्शन घे." त्यांच्याकडे ते बरोबर आहे. महाराष्ट्रात मात्र फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो. जानेवारी ते मार्चमध्ये तो पुन्हा थोडा वाढतो. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे मे किंवा जूनचा पहिला आठवडा उत्तम. राहून गेली तर जुलैतही घ्या, पण टाळू नका.

आधी घरात कोणाला जास्त गरज आहे ते बघा. साठीच्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले, गरोदर बायका आणि सहा महिने ते पाच वर्षांची मुलं यांना प्राधान्य द्या. नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा ही लस देत असाल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

मग फॅमिली डॉक्टरांना फोन करून लस कोणत्या हंगामाची आहे ते विचारा. हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. फ्लूचा विषाणू सतत बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू असावेत ते सुचवते. सप्टेंबरच्या शिफारशीवरून बनलेली 'सदर्न हेमिस्फिअर' (म्हणजे दक्षिण गोलार्धासाठीची) लस आपल्याकडे उन्हाळ्यात येते. पावसाळ्यासाठी तीच मागा. खोक्यावरचं वर्ष आणि मुदत स्वतः वाचा. लस 2 ते 8 अंश तापमानातच राहायला हवी, त्यामुळे मेडिकलमधून आणून घरी ठेवण्यापेक्षा दवाखान्यातलीच घ्यावी. खर्च परवडत नसेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात मोफत लस आहे का, कोणाला मिळते, याची चौकशी करा.

त्या दिवशी ताप असेल तर थांबा. आधीच्या लशीने जोराची ॲलर्जी आली असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर सुई टोचण्याआधी सांगा. इंजेक्शननंतर किमान पंधरा मिनिटं तिथेच बसा. एखाद-दोन दिवस दंड दुखेल, कणकण वाटेल. या लशीत जिवंत विषाणू नसतो, म्हणून तिने फ्लू होत नाही.

कोविडची लस 2021 सारखी आता गल्लोगल्ली मिळत नाही. वय झालेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. मिळाली तर दोन्ही लशी एकाच दिवशी घेता येतात.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो. ज्येष्ठांना किंवा गरोदर बाईला खोकल्यासह जोराचा ताप आला, तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नका. फ्लूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. आणि धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.